बगळ्यावरचा आरोप आणि आपली पुस्तके

काही काळापूर्वी वाशिम जिल्ह्यातील मंगरूळपीर येथे विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिराला जाण्याचा योग आला. जेवणाच्या सुट्टीत एका शिक्षकांनी पिशवीतून मत्स्यशेतीची एक माहितीपुस्तिका काढून माझ्यापुढे ठेवली. त्यांच्या घरच्या शेतात शेततळे आहे. पहिल्याच वर्षी त्यांनी त्यात मासे सोडले आणि हंगामाच्या शेवटी निम्मेही हाती आले नाहीत. शेजाऱ्यांचे निदान तयार होते : "बगळ्यायनं सारे मासे खाल्ले." पुस्तिकेतही 'मत्स्यशत्रू' या मथळ्याखाली बगळा, पाणकावळा, खंड्या, बेडूक, पाणसाप अशी नावे ओळीने दिलेली होती आणि त्यांचा बंदोबस्त करावा असे सुचवले होते. त्यांनी मला विचारले, "सर, हे खरं आहे का?"

मी अर्थातच पक्ष्यांची बाजू घेतली. "पक्षी सहसा दुबळे, आजारी मासेच पकडतात. त्यामुळे तळ्याचे नुकसान होत नाही," असे मी ठामपणे सांगून टाकले. ते शांतपणे म्हणाले, "सर, मी आठशे बोटुकली मोजून सोडली होती. त्यांतली दुबळी किती, हे तुम्हाला न पाहता कसं कळलं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पुस्तिकेने पुराव्याशिवाय पक्ष्याला दोषी ठरवले होते आणि मी तितक्याच पुराव्याशिवाय त्याला निर्दोष सोडले होते. परतल्यावर मी या विषयावर शिक्षकांच्या हाती पडतील अशी पुस्तके पुन्हा चाळली. या लेखात त्यांचेच परीक्षण करायचे आहे. माझा मुख्य आक्षेप आधीच सांगतो. 'पक्षी काय खातो?' आणि 'पक्ष्यामुळे किती नुकसान होते?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपली बहुतेक पुस्तके पहिल्याचे उत्तर देतात आणि वाचक ते दुसऱ्याचे उत्तर समजून घेतो.

शेततळे म्हणजे नेमके काय?

पुस्तकांकडे वळण्यापूर्वी तळ्याकडे पाहू. पूर्व विदर्भात मालगुजारांनी बांधलेले जुने तलाव गावोगाव आहेत. वऱ्हाडात मालगुजारी पद्धत नव्हती, त्यामुळे तशी तलावांची परंपराही इथे नाही. अडाण, अरुणावती या नद्या पैनगंगेकडे जातात, पण शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालकीचे पाणी म्हणजे मुख्यतः विहीर. २०१६ साली महाराष्ट्र शासनाची 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली आणि सोयाबीन-तुरीच्या शेतांत चौकोनी तळी दिसू लागली. त्या योजनेतील सर्वांत मोठे तळे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल होते. म्हणजे पृष्ठभाग ९०० चौरस मीटर, साधारण नऊ गुंठे.

हे तळे नैसर्गिक डबक्यासारखे नसते. त्याच्या बाजू उताराच्या असतात आणि पुष्कळदा त्यांवर प्लॅस्टिकचे अस्तर असते. काठाला उथळ पाणी, चिखल, गवत जवळजवळ नसते. बगळा आणि वंचक हे उथळ पाण्यात उभे राहून शिकार करणारे पक्षी आहेत. निसरड्या उतारावर त्यांना पाय रोवणे कठीण जाते. पाणकावळ्याचे तसे नाही. तो पोहतो, बुडी मारतो आणि पाण्याखाली माशाचा पाठलाग करतो. खोल तळे त्याला सोयीचेच असते. अशा तळ्यावर खरा संशयित कोण असावा, याचा अंदाज एवढ्यावरूनच येऊ लागतो.

पंचतंत्रापासूनचा गुन्हेगार

तरीही आरोप बगळ्यावरच होतो. तो पांढरा आहे, दुरून दिसतो आणि तासन्तास एका जागी उभा असतो. पाणकावळा पहाटे येतो, अर्ध्या तासात पोट भरतो आणि निघून जातो. रातबगळा तर अंधार पडल्यावर येतो. जो पक्षी आपल्याला जास्त वेळ दिसतो तोच जास्त खातो, असे आपण नकळत धरून चालतो.

शिवाय बगळ्याची बदनामी जुनी आहे. माशांना दुसऱ्या तळ्यात नेतो असे सांगून वाटेत खाणारा आणि शेवटी खेकड्याच्या हातून मरणारा बगळा पंचतंत्रात आहे. 'बकध्यान' हा शब्द आपण ढोंगाला वापरतो. उलट खंड्याच्या एका जातीला मराठीत कवड्या धीवर म्हणतात. धीवर म्हणजे मासेमार. एकाच धंद्यातल्या एका पक्ष्याला भाषेने ढोंगी ठरवले आणि दुसऱ्याला कारागीर! गोष्ट म्हणून याला हरकत नाही. मात्र विज्ञानाच्या तासाला 'बगळा कसा असतो?' असे विचारले आणि उत्तर 'लबाड' असे आले, तर शिक्षकांनी तिथे थांबायला हवे.

पोटातले अन्न काय सांगते?

पक्ष्यांच्या आहाराविषयी ऐकीव माहितीवर विसंबू नये, हा विचार भारतात शंभर वर्षांहून अधिक जुना आहे. बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत सी. डब्ल्यू. मेसन यांनी पक्ष्यांच्या जठरातील अन्न तपासले आणि १९१२ साली हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय यांच्यासह 'द फूड ऑफ बर्ड्‌स इन इंडिया' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. लेफ्रॉय कीटकशास्त्रज्ञ होते. पक्षी शेतीचे किडे खातो की धान्य, हा त्यांचा प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी प्रत्यक्ष पोटात काय सापडते ते पाहिले, याचे मोल मोठे आहे.

पण या पद्धतीची एक मर्यादा आहे आणि ती पुढच्या पुस्तकांत उतरली. पोटात मासा सापडला, यावरून त्या पक्ष्याने मासा खाल्ला एवढे सिद्ध होते. तो मासा कोणत्या तळ्यातला, शेतकऱ्याने सोडलेला की आपोआप आलेला, आणि पक्ष्याने खाल्ला नसता तर तो जगला असता का, हे पोट सांगत नाही. पक्ष्यांची 'उपयुक्त' आणि 'उपद्रवी' अशी विभागणी करताना हे प्रश्न मागे पडतात. मंगरूळपीरच्या शिक्षकांच्या हातातली पुस्तिका या विभागणीचीच वारस होती. फक्त तिच्यामागे तपासलेली पोटे नव्हती.

सलीम अलींचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' १९४१ साली निघाले. पक्षी ओळखायला शिकवणारे इतके सोपे आणि नेटके पुस्तक भारतीयांच्या हाती त्याआधी नव्हते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आपल्या प्रश्नातही त्याचा पहिला उपयोग होतो. शेतकरी ज्यांना सरसकट 'बगळे' म्हणतो, त्यांत गाय बगळा असतो, लहान बगळा असतो, वंचकही असतो. गाय बगळा मुख्यतः गुरांच्या पायांतून उडणारे टोळ आणि इतर किडे टिपतो. बांधावर दिसणारे पांढरे पक्षी जर गाय बगळे असतील, तर निम्मा खटला तिथेच निकालात निघतो. पांढऱ्या छातीचा खंड्याही असाच. नावाने आणि चोचीने तो मासेमार वाटतो, पण कीटक, सरडे, बेडूक आणि खेकडे यांवर त्याची बरीच गुजराण होते. छोटा खंड्या खरोखर मासे खाणारा आहे, पण त्याचे स्वतःचे वजनच तीस ग्रॅमच्या आसपास. बोटभर लांबीचे बोटुकले त्याला गिळणे अवघड. जिथे माशांची अगदी लहान पिल्ले वाढवतात, तिथे मात्र तो त्रासदायक ठरू शकतो.

पण अशा कोणत्याही पक्षी-ओळख पुस्तकात आहार म्हणून जी ओळ असते, ती यादी असते : मासे, बेडूक, बेडूकमासे, पाण्यातील कीटक. किती, कधी आणि कोणत्या आकाराचे, हे त्या ओळीत मावत नाही. हा पुस्तकाचा दोष म्हणता येणार नाही, कारण ते त्यासाठी लिहिलेलेच नाही. चूक आपली. ओळखीच्या पुस्तकातली यादी आपण हिशेबाच्या वहीसारखी वापरतो.

आपली पाठ्यपुस्तके तर याहून पुढे जातात. शैवाल, कीटक, मासा, बगळा अशी अन्नसाखळीची आकृती आपण सर्वांनी फळ्यावर काढली आहे. त्यातले सगळे बाण सारख्याच जाडीचे असतात. चतुराची अळी आणि पाण्यातले मोठे ढेकूण माशांची पिल्ले खातात, हा उलटा बाण त्यात नसतो. वंचक अशा किड्यांना खातो, म्हणजे तो एका वाटेने माशांचा शत्रू आणि दुसऱ्या वाटेने मित्र आहे, हे त्या सरळ रेषेत दाखवताच येत नाही.

हिशेब करून पाहू

आता पुस्तके बाजूला ठेवून साधे अंकगणित करू. एकत्रित कार्प-संवर्धनात हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकली सोडतात. त्या मानाने नऊ गुंठ्यांच्या तळ्यात साडेचारशे ते नऊशे येतात. शिक्षकांनी आठशे सोडली होती, ती या हिशेबात बसतात. प्रत्येक बोटुकल्याचे वजन १० ग्रॅम धरू. छोट्या पाणकावळ्याचे वजन साधारण ४५० ग्रॅम. मासेखाऊ पक्षी रोज आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास खातो असे मानले, तर रोजचे ९० ग्रॅम, म्हणजे नऊ बोटुकली. एकच पाणकावळा महिनाभर रोज याच तळ्यावर पोट भरू लागला, तर २७० बोटुकली संपतील. म्हणजे एक तृतीयांश!

हा आकडा पाहून मला माझे शिबिरातले वाक्य आठवले आणि शरम वाटली. लहान तळ्यावर पक्ष्यामुळे होणारे नुकसान खरे असू शकते. शेतकरी कांगावा करत असतो असे नाही.

आता तोच पाणकावळा शंभर हेक्टरांच्या जलाशयावर नेऊ. तिथे हेक्टरी एक हजार धरली तरी एक लाख बोटुकली होतात. त्यांतली २७० म्हणजे हजारात तीनही नाहीत. पक्षी तोच, भूक तीच, पण नुकसानीचा अर्थ पार बदलला. म्हणूनच 'पाणकावळा मत्स्यशत्रू आहे का?' या प्रश्नाला तळ्याचे आकारमान सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

काळाचेही तसेच. पावसाळ्यात सोडलेले बोटुकले काही महिन्यांत पाव किलोच्या पुढे गेले, की छोट्या पाणकावळ्याच्या घशात मावत नाही. धोका मुख्यतः पहिल्या दोन-तीन महिन्यांचा. उन्हाळ्याकडे पाणी आटते, पक्षी वाढतात आणि शेतकऱ्याचा संतापही वाढतो. पण तेव्हा छोटा पाणकावळा खातो ते बहुधा आपोआप वाढलेले लहान मासे. तिलापिया असेल तर तो तळ्यातच भराभर पिल्ले घालतो, गर्दी होते आणि सगळेच मासे खुजे राहतात. अशी पिल्ले पक्ष्याने खाल्ली तर उरलेल्यांचा फायदाच होतो.

कारण कोणते, परिणाम कोणता?

आमच्या हिशेबात अजून एक गृहीत लपलेले आहे : पक्षी आले नसते तर आठशेच्या आठशे बोटुकली जगली असती. हे कधीच घडत नाही. मत्स्यबीज प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून येते. पिशवी काही वेळ तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवून दोन्ही पाण्यांचे तापमान सारखे होऊ द्यावे लागते. घाईत ती थेट ओतली तर पुष्कळ पिल्ले धक्क्याने मरतात आणि बरीचशी तळाशी जातात. ती कुणाला दिसत नाहीत. नाल्याच्या पाण्याबरोबर मरळ आत शिरला असेल, तर तो पाण्याखाली वर्षभर पहारा न चुकवता मासे खातो. त्याच्यावरही आरोप होत नाही, कारण तोही दिसत नाही.

सर्वांत फसवे कारण आहे प्राणवायूचे. दिवसा शैवाल प्रकाशसंश्लेषण करून पाण्यात प्राणवायू सोडते. रात्री प्रकाश नसतो, पण मासे, शैवाल आणि कुजणारा गाळ हे सगळेच प्राणवायू वापरत राहतात. त्यामुळे पाण्यातील प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. ढगाळ दिवसांनंतर किंवा शेणखत जास्त पडल्यावर तो धोक्याच्या पातळीखाली जातो, मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडून धापा टाकतात आणि काही मरतात. असे वर आलेले मासे पकडणे पक्ष्यांना सोपे जाते, म्हणून ते जमतात. सूर्य वर आल्यावर शेतकरी तळ्यावर येतो तेव्हा त्याला दोन गोष्टी दिसतात : पक्ष्यांचा थवा आणि मेलेले मासे. तो म्हणतो, पक्षी आले म्हणून मासे गेले. प्रत्यक्षात मासे मरणाच्या दारी होते म्हणून पक्षी आले. त्या दिवशी थवा हाकलून उपयोग नसतो. तळ्यात ताजे पाणी सोडायला किंवा पाणी घुसळायला हवे असते. पक्ष्याला शत्रू म्हणून मोकळे होणाऱ्या पुस्तिकेवर माझा सर्वांत मोठा राग यासाठी आहे. ती शेतकऱ्याला चुकीच्या दिशेला पाहायला लावते, आणि तोवर उरलेले मासेही जातात.

इतरांनी काय केले?

हा पेच फक्त आपला नाही. अमेरिकेत मिसिसिपीच्या खोऱ्यातील मत्स्यतळ्यांवर पाणकावळ्यांचे थवे उतरतात. तिथे १९९८ साली काही राज्यांतील मत्स्यशेतकऱ्यांना ते मारण्याची सरसकट मुभा देण्यात आली. २०१६ साली न्यायालयाने ती रद्द केली, कारण सरकारने परिणामांचा आणि पर्यायांचा पुरेसा विचार केलेला नव्हता. पुढे वेगळ्या परवाना-पद्धतीचे नियम आले. इस्राएलमध्ये स्थलांतरी झोळीवाले (पेलिकन) मत्स्यतळ्यांवर उतरत. तिथे काही जलाशयांत मुद्दाम मासे सोडून त्यांना तिकडे वळवण्याचा मार्ग निवडला गेला. दोन्हीकडे नुकसान खरे मानले गेले, पण उपायाआधी हिशेब मागितला गेला.

आपल्याकडे हे पक्षी मारणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. पण शेतकऱ्याला केवळ कायदा दाखवून आपली जबाबदारी संपत नाही. हिशेबातूनच उपाय निघतात. बोटुकली जितकी मोठी सोडावी तितका धोक्याचा काळ कमी. पहिल्या दोन-तीन महिन्यांत तळ्यावर जाड, ठळक दिसणाऱ्या दोऱ्या ताणून बांधल्या तर पाणकावळ्याला उतरणे-उडणे अवघड होते. पातळ, सैल जाळे मात्र टाळावे, त्यात पक्षी अडकून मरतात. तळाशी जुनी कौले किंवा पाइपाचे तुकडे ठेवले तर लहान माशांना लपायला जागा मिळते. पहाटे तळ्यावर एक फेरी मारली तर पाणकावळाही दिसतो आणि धापा टाकणारे मासेही.

वर्गासाठी

आपल्या शाळेजवळ शेततळे असेल तर नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडून एक वही ठेवून घ्या. पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी ठरलेला अर्धा तास : कोणता पक्षी, किती, कुठे बसला, किती वेळा झडप किंवा बुडी मारली, किती वेळा चोचीत काही दिसले आणि ते मासा होता की आणखी काही. बाजूला पाण्याचे तापमान, आदल्या दिवशीचे आभाळ, धापा टाकणारे मासे आणि मेलेले मासे. महिन्यातून एकदा मालकाच्या परवानगीने फेकजाळे टाकून माशांची लांबी मोजा. जवळ दोन तळी असतील तर एकावर दोऱ्या बांधा आणि दुसरे तसेच ठेवा. मात्र दोन तळी कधीच अगदी सारखी नसतात, म्हणून पुढच्या वर्षी दोऱ्यांची अदलाबदल करा. पोहता न येणाऱ्या मुलांना अस्तराच्या काठावर जाऊ देऊ नका. त्या उतारावरून पाण्यात घसरलेले माणूस सहज वर येऊ शकत नाही.

वही भरण्यापूर्वी विद्यार्थ्यांना एक गोष्ट लिहून ठेवायला सांगा : काय दिसले तर आम्ही पक्ष्याला दोषी मानू आणि काय दिसले तर मानणार नाही. हे आधी ठरवले नाही, तर वहीत काहीही आले तरी प्रत्येक जण आपलेच मत खरे ठरवील. मत्स्यशेतकरी त्याचे आणि पक्षिप्रेमी त्याचे.

मंगरूळपीरच्या त्या शिक्षकांना मी नंतर पत्र लिहिले आणि माझे शिबिरातले विधान मागे घेतले. त्यांची पुस्तिका माझ्याकडेच राहिली होती, तीही परत पाठवली. 'मत्स्यशत्रू' या मथळ्यापुढे पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढले आहे. ते पुसायचे की ठेवायचे, हे त्यांच्या वर्गाने तळ्यावर जाऊन ठरवावे.